एचडीआर जोडल्यावर क्रेनचे दोन बूम दिसतात? आधी नेमकं काय हललं ते शोधा

प्रॉब्लेम असा आहे. संध्याकाळी नदीवर जायचं, मावळतीचं आकाश, पाण्यात पडलेली केशरी पट्टी, मध्ये अर्धवट झालेला पूल आणि त्याच्या डोक्यावर क्रेन, सगळं कसं छान जमून आलेलं असतं, आपण तीन किंवा पाच एक्सपोजर (एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम) घेतो, घरी येऊन त्यांचा एक एचडीआर फोटो जोडतो आणि स्क्रीनवर बघतो तर क्रेनचे दोन बूम, म्हणजे लांब हात, एक ठसठशीत आणि त्याच्या शेजारी एक फिका, हूक तीन ठिकाणी, पाण्यावर खरखरीत ठिगळं, आणि पुलाच्या सगळ्या कडेनं एक पांढुरकी रेघ. एकदा झालं तर आपण सोडून देतो. पण हे दर वेळी होतं, सेटिंग बदलली तरी होतं, आणि मग माणूस कंटाळून एचडीआरच बंद करतो. ते करू नका, हे सुटतं.

मी हे बहुतेक सगळं शिकलो ते २०२५ च्या एप्रिल-मे मध्ये, पुण्यात. डेक्कन मेट्रो स्टेशनवरून पेठांच्या बाजूला उतरणाऱ्या पादचारी पुलाचं काम चालू होतं म्हणून भिडे पूल वाहतुकीला बंद ठेवला होता, आणि झेड ब्रिजवर उभं राहून वरच्या अंगाला बघितलं की ते काम, खाली नदीपात्र आणि मागे लकडी पुलाच्या बाजूचं आकाश असं सगळं एका फ्रेममध्ये यायचं. मी आठवड्यातून दोन-तीनदा जायचो. महिनाभराच्या फोटोंमध्ये एकही सेट धड जोडला गेला नाही. आधी वाटलं सॉफ्टवेअर बरोबर नाही, तीन सॉफ्टवेअर बदलून बघितली. मग वाटलं ट्रायपॉड हलका आहे, तो बदलला. मग वाटलं लेन्सच खराब आहे. शेवटी एका रविवारी सगळ्या मूळ फ्रेम एकेक करून बघत बसलो तेव्हा कळलं की 'डबल दिसतंय' ही एक तक्रार नाहीचे, त्याच्यात चार वेगवेगळी दुखणी आहेत, प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की फोटो अजून बिघडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे: जे स्थिर आहे ते पाच फ्रेममधून जोडा, जे हलतंय ते एकाच फ्रेममधून घ्या, आणि कुठली गोष्ट कशात मोडते ते नदीवर उभं असतानाच ठरवा, घरी आल्यावर नाही.

आधी निदान

जोडलेला फोटो बघत बसू नका, त्याच्यावरून काही कळत नाही. मूळ फ्रेम घ्या, त्यांचे जेपेग काढा, दोन फ्रेम एकावर एक लेअर म्हणून टाका (गिंप फुकट आहे, त्याच्यात होतं), दोन्हींचा उजेड साधारण सारखा करून घ्या आणि वरच्या लेअरचा मोड 'डिफरन्स' करा. जे जागेवर आहे ते काळं होतं, जे हललं ते उजळ कडा घेऊन वर येतं. मग शंभर टक्के झूम करून चार जागा बघा: लांबची एखादी बिल्डिंग किंवा पाण्याची टाकी, जवळचा एखादा खांब, क्रेन, आणि पाणी.

लांबच्या बिल्डिंगची कडासुद्धा डबल येत असेल तर क्रेनचा काही संबंध नाही, तुमचा कॅमेरा हललाय. बिल्डिंग काळीकुट्ट आणि फक्त बूम उजळ असेल तर क्रेन फिरलीय. फक्त पाणी चमचमत असेल तर पाणी. आणि डिफरन्समध्ये काहीच दिसत नाही पण जोडलेल्या फोटोत कडेला उजेडाची रेघ आहे, तर कुणीच हललेलं नाही, ती तुमच्या टोनमॅपिंगची (जोडलेला सगळा उजेड स्क्रीनवर मावेल असा दाबायच्या पायरीची) करणी आहे.

आता एकेक घेतो. पहिल्या दोनवर जास्त लिहिणार आहे कारण दहातली आठ प्रकरणं तिथलीच असतात.

कॅमेरा हलतो, कारण पूल हलतो

आपण ट्रायपॉड लावला की निर्धास्त होतो. पण ट्रायपॉड ज्याच्यावर उभा आहे तेच हलत असेल तर तो बिचारा काय करणार. पूल हलतो, हलायलाच बनवलेला असतो, गर्डर (पुलाच्या आडव्या तुळया) बेअरिंगवर बसलेले असतात आणि वरून गाडी गेली की गर्डर मधोमध सगळ्यात जास्त खाली-वर होतो आणि पिअरपाशी, म्हणजे पुलाच्या खांबापाशी, सगळ्यात कमी. आपण मात्र चांगला व्ह्यू मिळतो म्हणून नेमके दोन पिअरच्या मधोमध उभे राहतो.

म्हात्रे पुलावर एकदा करून बघा. ट्रायपॉड मधोमध लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये दहा पट झूम करून लांबच्या एखाद्या अँटेनावर फोकस करा आणि पीएमपीची बस जाऊ द्या. अँटेना थरथरतो, बस गेल्यावरही दोन-तीन सेकंद थरथरतच राहतो. आता तोच ट्रायपॉड पिअरच्या वर घ्या, पण एक्सपान्शन जॉइंटच्या अगदी वर नको, तिथे प्रत्येक चाकाचा धक्का बसतो, जॉइंटपासून पाच-सहा पावलं सरकून उभे राहा. फरक डोळ्यांना दिसतो. आणि सिग्नलचं गणित वापरा, सिग्नल सुटला की गाड्यांचा लोंढा येतो, लाल झाला की पूल थोडा वेळ मोकळा होतो, त्या खिडकीत सेट उडवा. झेड ब्रिजवर बस नाही पण टू-व्हीलर आणि माणसांचा राबता असतोच, त्यामुळे तिथेही हाच नियम.

हे दुखणं ओळखायची एक खूण आहे जी मला फार उशिरा कळली. पाच फ्रेमचा सेट घ्या, समजा एफ ८, आयएसओ १००, आणि शटर १/२०००, १/५००, १/१२५, १/३०, १/८. पहिल्या तीन फ्रेम पुलाच्या थरथरीत पण शार्प येतात, कारण तेवढ्या वेळात काही होतच नाही. मऊ येते ती १/८ ची. आणि १/८ ची फ्रेम कशासाठी वापरली जाते, तर अंधारासाठी, म्हणजे पुलाचं पोट, पिअरची सावलीतली बाजू, शटरिंगच्या प्लेटा, सळ्यांची जाळी. म्हणून जोडलेल्या फोटोत आकाश आणि कडा कडक, पण पुलाचं पोट लोण्यासारखं मऊ दिसत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये काही शोधू नका, पूल हलत होता. याला अलाइनमेंट चालत नाही. अलाइनमेंट फ्रेम सरकवते, धुरकट फ्रेम शार्प करत नाही. उपाय म्हणजे लांब शटरची फ्रेम दोन-तीनदा घ्यायची आणि त्यातली बरी निवडायची, किंवा आयएसओ ४०० करून ती १/३० वर आणायची, थोडा नॉइज आला तरी चालेल, नॉइज काढता येतो.

बाकी नेहमीचं सगळं: ट्रायपॉडचा मधला दांडा खाली, कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका (वाऱ्यात फडफडतो आणि सगळं हलवतो), बटण बोटानं दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट, लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद. वजनासाठी बॅग लटकवता तर ती जमिनीला टेकलेली ठेवा, नाहीतर वाऱ्यानं झोका घेते आणि फायद्यापेक्षा तोटाच जास्त.

पुलावर नसेल जमत तर खाली उतरा. नदीपात्रात मात्र गाळ असतो, ट्रायपॉडचा एक पाय पाच मिनिटांत बोटभर खाली जातो आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही, पाचव्या फ्रेमपर्यंत क्षितिज तिरकं झालेलं असतं. मी बॅगेत शहाबादी फरशीचे तळहाताएवढे तीन तुकडे ठेवतो, प्रत्येक पायाखाली एक. जड पडतात पण त्यांच्यासारखं काही नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी असेल तर पात्रात उतरायचंच नाही, हे पुणेकरांना सांगायला नको तरी सांगतो.

क्रेन हलते, आणि थांबली तरी हलते

आता मुख्य दुखणं. लोक म्हणतात क्रेन तर एवढी हळू फिरते. दिसायला हळू. बूमचं टोक चाळीस मीटरवर धरा, क्रेन फक्त एक अंश फिरली तरी ते टोक जवळजवळ सत्तर सेंटीमीटर सरकतं. आणि आपण ब्रॅकेटिंगमध्ये (म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम ओळीनं घेताना) एकेक फ्रेमला वेगळं बटण दाबत असू तर पाच फ्रेमला दहा-पंधरा सेकंद सहज जातात. म्हणून पहिलं काम, ऑटो ब्रॅकेटिंग आणि बर्स्ट मोड एकत्र लावा म्हणजे पाचही फ्रेम एका दमात जातात. दुसरं, मेन्यूमध्ये ब्रॅकेटिंगचा क्रम बघा. पुष्कळ कॅमेऱ्यांत मूळ क्रम असा असतो की आधी मधली, मग गडद, मग उजळ. तो बदलून गडद ते उजळ असा सलग करा, म्हणजे ज्या फ्रेम जोडताना शेजारी येणार त्या वेळेनंसुद्धा शेजारी राहतात आणि उडी लहान होते.

एवढं करून माझं अर्धं दुखणं गेलं, पण हूक तीन ठिकाणी दिसायचा तो दिसायचाच. बूम दोन्ही फ्रेममध्ये एकाच जागी आणि हूक मात्र वेगळा. हे कोडं मला तिथल्याच एका माणसानं सोडवून दिलं. क्रेनला शिट्टी आणि हातानं इशारे देणारा एक खलाशी होता, बीडकडचा, संध्याकाळी काम उरकून पुलाच्या टोकाला चहा प्यायला यायचा आणि माझ्या स्क्रीनमध्ये डोकावायचा. मी त्याला म्हटलं, "दादा, बूम थांबल्यावरच मी फोटो काढतो, तरी असं का होतं?" तो म्हणाला, "सर, बूम थांबला म्हणजे हूक थांबला व्हय? तो झुलत राहतो की. आम्हीसुद्धा झोका मोडल्याशिवाय माल खाली सोडत नाही. तुम्ही माझ्या हाताकडं बघत जा, मी मूठ आवळून धरली की समजा सगळं उभं आहे."

त्या दिवसापासून मी आकाशाकडे बघायचं सोडून त्याच्या मुठीकडे बघायला लागलो. तुमच्या साइटवर इशारे थोडे वेगळे असतील, पण शिट्टी देणारा माणूस प्रत्येक साइटवर असतो, त्याच्याशी बोला, आधी विचारून फोटो काढा, बॅरिकेडच्या आत पाऊल टाकू नका. पाच मिनिटं बोलून जे कळतं ते कुठल्या ट्यूटोरियलमध्ये नाही.

पण समजा नाहीच मिळाला असा क्षण. तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्या, जी मला या सगळ्यातली सगळ्यात मोलाची वाटते. क्रेन दिसते कशावर? उजळ आकाशावर. म्हणजे ती काळी आकृतीच दिसणार आहे, तिच्या अंगावरचे नटबोल्ट कुणाला बघायचे नाहीयेत. मग तिला उजळ फ्रेमची गरजच काय? आकाशाला योग्य असलेली जी एक गडद फ्रेम आहे, १/५०० किंवा त्याच्या आसपासची, तिच्यात क्रेन, दोर, हूक, वर उडणारी घार, घरट्याकडे निघालेले बगळे, सगळं एकदाच आणि स्वच्छ आलेलं असतं. जोडलेल्या फोटोवर ही एक फ्रेम लेअर म्हणून टाका, तिचा उजेड खालच्याशी जुळवून घ्या, लेअर मास्क काळा करा (म्हणजे ती फ्रेम पूर्ण झाकली जाते) आणि क्रेनच्या आजूबाजूचं आकाश मऊ ब्रशनं उघडा. कडेकडेनं कोरत बसायचं नाही, मोठा मऊ ब्रश घेऊन आकाशाचा तेवढा सगळा भागच त्या फ्रेममधून घ्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

ही युक्ती काही आजची नाही. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रेनं १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो करताना हेच केलं होतं, आकाश एका निगेटिव्हवरून आणि पाणी दुसऱ्या निगेटिव्हवरून एकाच कागदावर छापायचा, कारण एका काचेवर दोन्ही मावत नव्हतं. आपली अडचण तीच आहे, साधनं फक्त सोपी झालीयेत.

सॉफ्टवेअरचं डीघोस्ट (हललेल्या वस्तूंचे डबल ठसे आपोआप काढायची सोय) वापरू नका असं मी म्हणत नाही. लाइटरूममध्ये त्याच्या चार पायऱ्या आहेत, नन, लो, मीडियम, हाय, आणि ओव्हरले दाखवायची सोय आहे, ती चालू करून बघाच, जिथे रंग चढतो तिथे त्यानं जोडणी न करता एकाच फ्रेममधून घेतलंय. अडचण ही की कुठल्या फ्रेममधून घ्यायचं ते तो स्वतः ठरवतो, तुम्हाला विचारत नाही. आकाशात त्यानं उजळ फ्रेम उचलली तर क्रेनभोवती पांढरा डाग, सावलीत गडद फ्रेम उचलली तर नॉइजचा ढीग. माझ्या एका चांगल्या सेटमध्ये हाय लावल्यावर पुलाच्या टोकावर उभ्या असलेल्या कामगाराचे पाय गायब झाले होते, कंबरेपासून वरचा माणूस हवेत. त्या माणसानं दिवसभर उन्हात काम केलंय आणि आपल्या फोटोत तो अर्धा, हे मला बघवलं नाही. तेव्हापासून माणसं असतील तिथे मी डीघोस्ट लो किंवा नन ठेवतो आणि माणसं हातानं, एकाच फ्रेममधून घेतो. सावलीतल्या माणसांसाठी मधली फ्रेम वापरा, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सहज उचलता येते.

पाणी

पाण्याचं थोडक्यात सांगतो, पण एक गोष्ट नीट सांगायची आहे.

पाण्यावरची चमचम प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असते, ती जोडली की खरखर होते. वर आपली जलपर्णी, ती तरंगत खाली चाललेली असते, एका फ्रेममध्ये पुंजका डावीकडे, पुढच्या फ्रेममध्ये हातभर उजवीकडे, आणि जोडल्यावर हिरव्या-करड्या रंगाचा लगदा. सोपा उपाय क्रेनसारखाच, पाणी एका फ्रेममधून घ्या, बहुतेक वेळा मधली लागते. पाणी रेशमासारखं हवं असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच), पण हिशोब करून. दहा स्टॉपचा लावला की १/५०० ची फ्रेम दोन सेकंदांची होते, १/१२५ ची आठ, १/३० ची अर्ध्या मिनिटाची. पाणी सगळ्या फ्रेममध्ये सारखं गुळगुळीत येतं, जोडणी सुंदर होते, पण तेवढ्या वेळात क्रेनचा पार धूर झालेला असतो आणि सूर्यही सरकतो. सूर्य स्वतःच्या रुंदीएवढं अंतर सुमारे दोन मिनिटांत कापतो, म्हणजे चाळीस सेकंदांच्या सेटमध्ये तो आपल्या रुंदीच्या एक तृतीयांश सरकला. टेलेवर (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर) हे स्वच्छ दिसतं, अंड्यासारखा सूर्य. म्हणून पाण्यासाठी एनडीचा वेगळा सेट, तोही सूर्य गेल्यावर, आणि तो फक्त पाण्यासाठीच वापरायचा.

आता ती नीट सांगायची गोष्ट. पाण्यातलं प्रतिबिंब आकाशापेक्षा नेहमी थोडं गडद असतं. मुठेचं पाणी तर काही आरसा नाही, त्याच्यात काय काय मिसळतं ते आपण सगळे जाणतो. पण एचडीआर करताना पाण्याच्या सावल्या उचलत उचलत आपण प्रतिबिंब आकाशाइतकं, कधी त्याच्याहून उजळ करून ठेवतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण 'हे खोटं वाटतंय' एवढं तो लगेच म्हणतो. पाणी आकाशापेक्षा अर्धा ते एक स्टॉप खाली ठेवा. एवढ्यानं फोटो जमिनीवर येतो.

दिवे लागल्यावर जे बिघडतं

सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आकाशाचा रंग सगळ्यात भरात असतो आणि साइटवर फ्लडलाइट लागतात. इथे नवीन तक्रार सुरू होते: एका फ्रेममध्ये दिवा लख्ख, दुसऱ्यात मंद, इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर फोटोवर आडवे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि १/५०० सारखं शटर त्या चढउताराचा एखादाच तुकडा पकडतं. उपाय असा की दिवे लागल्यावर सेटमधली सगळ्यात जलद फ्रेमसुद्धा १/१०० किंवा त्याहून लांब ठेवा, १/१००, १/२५, १/६ असं. आयएसओ कमी करा, सेट सुरू व्हायच्या आधी अॅपर्चर लहान करा, पण सेटच्या मध्ये अॅपर्चरला हात लावायचा नाही, नाहीतर डेप्थ बदलते आणि कडा जुळत नाहीत. मेकॅनिकल शटर वापरा. वेल्डिंग चालू असेल तर त्या ठिणग्या सरळ एका फ्रेममधून घ्या, जोडायला जाऊ नका, आणि त्या उजेडाकडे टेले लावून डोळा ठेवू नका. तेच सूर्याबाबत: डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून टेले लावून सूर्य कधीही बघायचा नाही, लाइव्ह व्ह्यूच वापरा, डोळ्याचं नुकसान परत भरून येत नाही.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर काढा, डेलाइटवर ठेवा. फोकस एकदा करून मॅन्युअल. सूर्य फ्रेममध्ये असताना यूव्ही फिल्टर काढून ठेवा, ते हिरवे-जांभळे ठिपके पुष्कळदा त्याच्यामुळेच असतात आणि एचडीआरमध्ये उजळ फ्रेममुळे जास्त फुलतात.

कडेची पांढरी रेघ

ही हललेली वस्तू नाही, ही आपण स्वतः ओढलेली रेघ आहे. गडद बूम आणि उजळ आकाश शेजारी शेजारी असले आणि तुम्ही हायलाइट्स उणे शंभर, शॅडोज अधिक शंभर, वर क्लॅरिटी असं सगळं एकदम ओढलं की सॉफ्टवेअर कडेच्या एका बाजूला उजेड वाढवतं आणि दुसऱ्या बाजूला कमी करतं, त्यातून देवाच्या फोटोमागे असते तशी प्रभावळ तयार होते. पुलाच्या केबल, दोर, सळ्या, जितकी बारीक वस्तू तितकी प्रभावळ वाईट. जोडायच्या आधी क्रोमॅटिक अॅबरेशन काढा, नाहीतर जांभळी कडा त्या रेघेत मिसळते आणि मग निघता निघत नाही. स्लायडर अर्ध्यावर आणा. तरी राहिली तर टोनमॅपिंग सोडून एक्सपोजर फ्यूजन (प्रत्येक फ्रेमचे बरे भाग थेट मिसळायची पद्धत) करून बघा, त्यासाठी एन्फ्यूज फुकट मिळतं, हगिन या पॅनोरमा सॉफ्टवेअरबरोबर येतं, आणि त्याचा निकाल शांत असतो. क्रेनच्या आकाशासाठी वर सांगितलेली एकच फ्रेम वापरलीत तर तिथली रेघ तशीही जाते, कारण तिथे जोडणीच उरत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी

मोबाइलचा ऑटो एचडीआर बंद करू नका. गूगलच्या एचडीआर प्लससारख्या पद्धती बऱ्याच फ्रेम, त्यातल्या बहुतेक एकाच कमी एक्सपोजरच्या, पटापट घेऊन जोडतात, त्यामुळे क्रेन सहसा डबल होत नाही. तुम्ही फक्त आकाशावर टॅप करून उजेड थोडा खाली ओढा आणि कठड्याला टेकून उभे राहा. ड्रोनचा विचार असेल तर मात्र आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर तपासा, लोहगाव विमानतळ आणि हवाई दलाचा तळ जवळ आहे, शहराचा मोठा भाग परवानगीशिवाय उडवण्यासारखा नाही.

एचडीआर लागतंय का हेच आधी बघा

पुण्यात सूर्य जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास आणि नोव्हेंबरअखेरीस सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना मावळतो, आणि मावळायची जागाही वर्षभरात सुमारे पन्नास अंश फिरते. एप्रिल-मे मध्ये झेड ब्रिजवरून तो डेक्कनच्या बिल्डिंगांच्या मागे जातो, नदीच्या रेषेत फक्त रंग येतो. डिसेंबर-जानेवारीत तो नैर्ऋत्येकडे, साधारण नदीच्या वरच्या अंगाला कलतो, तेव्हा पाण्यात सरळ पट्टी मिळते. पण त्याच दिवसांत संध्याकाळी शहरावर धुरकं असतं, सूर्य खाली जायच्या आधीच तांबड्या टिकलीसारखा मऊ होतो, आणि तेव्हा एक रॉ फ्रेम पुरते. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा, दोन्ही टोकं आत असतील तर पाच फ्रेम कशाला. एचडीआरची खरी गरज पावसानंतरच्या धुतलेल्या आकाशात असते, वळीव होऊन गेल्यावर किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा सूर्य शेवटपर्यंत डोळ्यात खुपतो आणि पुलाचं पोट काळंठिक्कर असतं.

माझा जो सेट शेवटी जमला तो असाच मे मधल्या एका वळवानंतरचा होता. पिअरजवळ ट्रायपॉड, गडद ते उजळ पाच फ्रेम एका दमात, पूल आणि घाट पाचही फ्रेममधून, आकाश, क्रेन आणि पुलावरची माणसं १/५०० च्या एका फ्रेममधून, पाणी मधल्या फ्रेममधून आणि आकाशापेक्षा पाऊण स्टॉप खाली. त्याचा बारा बाय अठराचा प्रिंट काढून त्या खलाशाला नेऊन दिला. त्यानं तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला, मग बोटाचं नख एका तांदळाच्या दाण्याएवढ्या पिवळ्या हेल्मेटवर ठेवून म्हणाला, "हा मी. मूठ बघा सर, आवळलेली आहे."